दहावीला ९२.४०, पहिल्या सेमला दोन केट्या: गुहागरच्या एका मुलीचं प्रकरण

मुलगी गुहागर तालुक्यातली. शाळा गावातलीच, मराठी माध्यमाची. दहावी मार्च २०२० ला, टक्के ९२.४०, शाळेत पहिली, नाक्यावर बॅनर वगैरे सगळं. बारावी सायन्स २०२२ ला, ६७.८३. मग रत्नागिरीत बी.एस्सी.ला आली आणि पहिल्याच सेमला दोन पेपरांत केटी (म्हणजे नापास, पेपर परत द्यायचा), एक मॅथ्सचा कॅल्क्युलस आणि एक फिजिक्सचा पहिला पेपर. मी शिकवते बॉटनी, म्हणजे तिचा आणि माझा वर्गात काही संबंध नाही, पण कॉलेजात मेंटॉर म्हणून वीसेक मुलं प्रत्येकाच्या गळ्यात मारलेली असतात त्यात ही माझ्याकडे होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, मार्कांचा आपसातला हिशोब मात्र होता तसाच ठेवलाय.

हे प्रकरण लिहायचं कारण असं की दर वर्षी पहिल्या सेमचा रिझल्ट लागला की स्टाफरूममध्ये एकच भांडण होतं. एक गट म्हणतो शाळावाले मार्क उधळतात, दहावीचे टक्के म्हणजे नुसता फुगा. दुसरा म्हणतो पोरं हुशारच येतात, इथं येऊन मोबाईल आणि मोकळीक मिळाली की वाया जातात. दोघंही आपापल्या परीने खात्रीने बोलतात आणि दोघांनीही मुलाची दहावीची गुणपत्रिका टक्क्यांच्या पुढे कधी वाचलेली नसते.

आधी ती गुणपत्रिका

मराठी ९३, संस्कृत ९७, इंग्रजी ८४, गणित ८३, विज्ञान ८६, सामाजिक शास्त्र ९५. आपल्या बोर्डात बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, सहापैकी सगळ्यात कमी मार्कांचा विषय टक्केवारीतून गळतो. हिचा गळला तो गणित! उरलेल्या पाचांचे ४५५, वर इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती त्याचे ७, झाले ४६२, ५०० पैकी म्हणजे ९२.४०. आता गंमत बघा, जी मुलगी पुढे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन बी.एस्सी.ला बसली तिच्या ९२.४० मध्ये गणिताचा एक मार्कसुद्धा नाहीये, पण चित्रकलेचे सात आहेत. चित्रकलेला माझा विरोध नाही, बॉटनीवाल्या बाईचा तर नाहीच नाही, आमच्याकडे जर्नलमध्ये चांगली आकृती काढणारं मूल मिळालं की आम्ही खूश. मुद्दा एवढाच की तो ९२ चा आकडा तिच्या वडिलांनी, गावाने, ज्युनियर कॉलेजने आणि तिने स्वतः ‘सायन्सला जाण्याइतकी हुशार’ असा वाचला. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ५३८, म्हणजे ८९.६७. तेही उत्तमच मार्क आहेत. पण गणित ८३ मध्ये अंतर्गतचे २० पैकी २० होते, म्हणजे लेखी ८० पैकी ६३. विज्ञानातही तसंच, लेखी ६६. वाईट नाही, पण बॅनरवर लावावं असंही नाही.

सामाजिक शास्त्राच्या ९५ ची वेगळीच कथा. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही, बोर्डाने बाकीच्या पेपरांची सरासरी काढून त्याचे मार्क दिले. त्या ९५ मधला एक तुकडा असा न लिहिलेल्या पेपरचा आहे.

आणि वर्षंही बघायला पाहिजे. २०१९ ला दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के होता, २०२० ला ९५.३०. एका वर्षात मुलं अठरा टक्क्यांनी हुशार झाली नव्हती, २०१९ ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० मार्क काढून टाकले होते, दुसऱ्या वर्षी अंतर्गत मूल्यमापन परत आलं. २०२१ ला तर परीक्षाच नाही, नववी आणि अंतर्गत मार्कांच्या सूत्रावर राज्याचा निकाल ९९.९५ लागला. त्यामुळे २०१९ चा ८० वाला आणि २०२१ चा ९० वाला शेजारी शेजारी ठेवून कोण हुशार हे सांगायला बसणं म्हणजे वेळ घालवणं, पण प्रवेशाच्या वेळी ऑफिसात काउंटरवर नेमकं तेच चालतं.

कोकण बोर्डाचा पहिला नंबर

आता आपल्याकडच्या लोकांना राग येईल असं बोलते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून वेगळं आहे, त्याआधी आपण कोल्हापूरकडे होतो. वेगळे झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलं हे ठरलेलंच. २०२० ला दहावी ९८.७७, २०२४ ला ९९.०१, २०२५ ला राज्याचा ९४.१० असताना आपला ९८.८२. अभिमान वाटावा असंच आहे आणि कॉपीचे प्रकार इकडे कमी, हेही खरं. पण उत्तीर्णतेचा आकडा म्हणजे ३५ च्या रेषेखाली किती जण राहिले याचा आकडा. मागचं मूल मागे राहू दिलं नाही एवढं तो सांगतो, पुढचं मूल किती पुढे गेलं त्याबद्दल तो गप्प आहे. आमच्या इथे पेपरात बातमी आली की लोक सरसकट ‘कोकणातली मुलं हुशार’ वर येतात, आणि मग तीच मुलं मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा आमच्याकडे एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, अडकली की तोंडं बघण्यासारखी होतात.

मागचं मूल मागे राहत नाही ते का, हे मी त्या शाळेत जाऊन बघून आले. म्हणजे मुद्दाम नाही गेले, एका कार्यक्रमाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, तेव्हा तिच्या मुख्याध्यापकांशी निवांत बोलणं झालं. तिच्या वर्गात दहावीला १७ मुलं. सतरा! जूनपासून जादा तास, दिवाळीनंतर रात्र अभ्यासिका. जेवण करून मुलं परत शाळेत यायची, सर लोकांनी वार वाटून घेतलेले, साडेदहापर्यंत बसायचं, मग मुलींना न्यायला घरचं कोणीतरी बॅटरी घेऊन गेटवर उभं. पहाटे साडेचार-पाचला सर घरी फोन करायचे, उठली का पोर, आणि फोन आईने उचलून चालायचा नाही, मुलीने स्वतः बोलायचं. जानेवारीपासून सराव परीक्षांवर सराव परीक्षा. एखाद्याचं भूमितीचं प्रमेय अडलं तर त्याला ते दहा वेळा लिहायला लावणार, अकराव्यांदा तो झोपेत लिहील. हे सगळं फुकट, क्लासची फी नाही की काही नाही. मला त्या सरांबद्दल अतिशय आदर वाटला, आजही वाटतो. शहरातला दीड लाखाचा क्लास हे करत नाही.

पण याचा अर्थ तिच्या ९२ मध्ये अभ्यासाला बसण्याची जी सवय दिसते ती अर्धी तिची आणि अर्धी त्या यंत्रणेची होती, आणि गुणपत्रिकेवर अर्धी कुठली ते लिहिलेलं नसतं.

अकरावी-बारावी थोडक्यात

अकरावी २०२० च्या पावसाळ्यात सुरू झाली, म्हणजे ऑनलाइन. तिच्या घरी रेंज नाही, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या माळावर, गेलं की दोन कांड्या. फोन एक, तो वडिलांचा, वडील कामावर गेले की फोनही गेला. त्यात माध्यम बदललं, आठवी ते दहावी सेमी इंग्लिशवाल्या मुलांना विज्ञान-गणिताची इंग्रजी पुस्तकं ओळखीची असतात, हिला सगळंच नवीन. बारावीला २५ टक्के अभ्यासक्रम कमी केलेला, परीक्षा आपल्याच शाळेत, वेळ अर्धा तास जास्त. एवढं असून फिजिक्स ५९, मॅथ्स ५१, केमिस्ट्री ७२. प्रॅक्टिकलचे मार्क ज्युनियर कॉलेजात सगळ्यांना भरपूर असतात हे आता कुणापासून लपलेलं नाही, तिला फिजिक्समध्ये ३० पैकी २८ होते, म्हणजे लेखी ७० पैकी ३१. मॅथ्समध्ये ८० पैकी ३३. नीटही दिली होती, ती हुकली. मग काय करायचं तर बी.एस्सी.

तिच्या उत्तरपत्रिका

केटी लागल्यावर वडील आले होते. तवसाळ-जयगडची फेरीबोट धरून सकाळीच आले, ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. म्हणाले, “मॅडम, पोरीचं डोकंच चालत नाय हो आता. धाव्वीला कसलं चालत होतं. का ते मार्क खोटेच होते म्हणायचे?” मी म्हटलं काका, खोटे नव्हते, थांबा जरा, मला तिचे पेपर बघू द्या. ती बाजूला उभी होती, एक शब्द बोलली नाही.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, फी भरून. दोन्ही मागवल्या, आणि मॅथ्सच्या एका सरांना घेऊन तिच्यासोबत बसले.

कॅल्क्युलसच्या पेपरात पहिल्या प्रश्नात लिमिटची व्याख्या होती, ती तिने पुस्तकातल्यासारखी, स्वल्पविरामासकट लिहिलेली. खाली पट्टीने दोन रेघा. पुढचं उदाहरण, त्या व्याख्येवरूनच सोडवायचं होतं, तिथे प्रश्न परत एकदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलाय आणि खाली ‘सोल्यूशन’ एवढं लिहून पान कोरं. फिजिक्समध्ये तेच, थोड्या वेगळ्या पद्धतीने. थिअरीचं उत्तर दीड पान, आकृती पेन्सिलीने, बाणांना टोकं, नावं उजवीकडे एका ओळीत. न्यूमेरिकलला दिलेली माहिती लिहिली, सूत्र लिहिलं, सूत्र बरोबर होतं, आकडे घातले नाहीत. सरांनी विचारलं अगं सूत्र येतंय तर आकडे का नाही घातलेस, तर म्हणाली, “सर, असं उदाहरण आधी केलं नव्हतं.”

हे वाक्य मी माझ्या डायरीत उतरवून घेतलं. आधी केलेलं नसलं तर हातच लावायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण दहावीच्या त्या सगळ्या सरावातून ती हेच शिकली होती. सराव परीक्षेत जे येतं तेच बोर्डाला येतं, थोडे आकडे बदलून. तिथे ते शंभर टक्के चालतं.

मग कारण काय

स्टाफरूममध्ये चार कारणं निघाली. मार्क फुगवलेले होते, कोरोनात दोन वर्षं बुडली, इंग्रजी झेपलं नाही, आणि घराबाहेर पडल्यावर धरबंध सुटला. चारही थोडीथोडी खरी आहेत, पण मला यातलं कुठलं किती हे बघायचं होतं आणि त्यासाठी तिचाच एक विषय कामाला आला, केमिस्ट्री.

पहिल्या सेमला केमिस्ट्रीच्या दोन्ही पेपरांत ती चांगली पास झाली होती. केमिस्ट्रीही इंग्रजीतूनच आहे, म्हणजे इंग्रजी हे मूळ कारण नाही. केमिस्ट्रीचंही अकरावी-बारावीत तेवढंच बुडलं होतं, म्हणजे कोरोनाही पुरेसा नाही. आणि त्याच कोरोनातून आलेल्या चिपळूणच्या दोन मुली तिच्याच बाकावर बसायच्या, त्यांना बारावीला हिच्यापेक्षा कमी होते आणि केटी एकही नाही. फुगवलेल्या मार्कांबद्दल म्हणाल तर थोडे होते, वर हिशोब दिलाय, पण ८९ वरून थेट नापास व्हावं एवढे नव्हते.

मग केमिस्ट्रीत काय वेगळं होतं? तर त्या डिपार्टमेंटच्या बाई दर शनिवारी वीस मार्कांची टेस्ट घेतात, सोमवारी पेपर वाटतात आणि दहाच्या खाली असलेल्याला वर्गात उभं करून विचारतात, हे काय. जर्नल दर आठवड्याला तपासणार, मागे राहिलं तर लॅबमध्ये घेणार नाही. मुलं त्यांच्या नावाने बोटं मोडतात. पण हिच्यासाठी ती गावातल्या शाळेची शाखाच होती! जिथे कोणीतरी मागे लागलेलं होतं तिथे ती जशी दहावीला होती तशीच होती, आणि मॅथ्स-फिजिक्समध्ये लेक्चर झालं की तुम्ही आणि तुमचं नशीब, परीक्षा एकदम सेमच्या शेवटी, तिथे ती कोसळली. वर मॅथ्सचा पाया पहिल्यापासून बाकीच्या विषयांपेक्षा कच्चा, तो बेस्ट ऑफ फाइव्हने झाकून टाकलेला.

म्हणून चौथं कारण मला सगळ्यात जवळचं वाटतं, पण धरबंध सुटला या अर्थी नाही. मुलगी वाया बिया काही गेली नव्हती. रूमवर तीन मुली, संध्याकाळी साडेपाचला यायची, स्वयंपाक, मग पुस्तक उघडून नोट्स सुंदर अक्षरात परत लिहून काढायची. तास तास बसायची. बसण्याची सवय होतीच, कुठल्या उदाहरणाशी झटायचं आणि आपल्याला येत नाहीये हे कसं ओळखायचं हे तोपर्यंत दुसरं कोणीतरी ठरवून देत होतं.

बाहेरचे अभ्यास काय म्हणतात

वडिलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून थोडं वाचलं होतं. २०१२ मध्ये रिचर्डसन, अब्राहम आणि बाँड या ब्रिटनमधल्या तिघांनी १९९७ ते २०१० या काळातल्या संशोधनाचा मोठा आढावा छापला, विद्यापीठातल्या मार्कांचा कशाकशाशी संबंध लागतो याचा. शाळेतल्या एकूण ग्रेडशी संबंध साधारण ०.४० निघाला (० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), इंग्लंडच्या ए-लेव्हल या बारावीसारख्या परीक्षेशी ०.३१, आणि बुद्धिमत्ता चाचणीशी फक्त ०.२० च्या आसपास. ०.४० म्हणजे चांगलाच संबंध आहे, पण त्याचा वर्ग करा, ०.१६ येतो. कॉलेजातल्या मार्कांमध्ये मुलामुलांत जो फरक पडतो त्यातला सोळा टक्क्यांच्या आसपास शाळेच्या मार्कांशी जोडता येतो, बाकीचा इतर गोष्टींनी ठरतो. त्या इतर गोष्टींत, कंटाळा आला तरी नेट लावून धरणं आणि मला हे जमेल असं वाटणं, या दोन्हींचा संबंध त्या आढाव्यात बुद्धिमत्तेपेक्षा जास्त निघालाय.

दुसरा शिकागोचा. २०२० साली अ‍ॅलन्सवर्थ आणि क्लार्क यांनी तिथल्या सरकारी शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांचा माग काढला, तर कॉलेज पूर्ण होणार की नाही हे सांगायला शाळेच्या चार वर्षांच्या ग्रेडची सरासरी ही एसीटी या प्रवेश परीक्षेच्या पाचपट ताकदीची ठरली. आमचे एक सर हे ऐकून लगेच म्हणाले बघा, म्हणजे दहावीचे मार्क धरायला पाहिजेत, सीईटी-नीट बंद करा. मला हे पटत नाही. तिकडची ती सरासरी चार वर्षं रोज थोडं थोडं करून जमलेली असते, वेगवेगळ्या शिक्षकांनी दिलेली. आपली दहावी म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधले काही दिवस. नाव शाळेचे मार्क असलं तरी जात ती एकदाच होणाऱ्या परीक्षेचीच. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष उचलून इकडे लावायचा तर आपल्या नववी-दहावीच्या चाचण्या, सहामाही, वही, सगळं धरून लावावा लागेल, आणि ते मार्क आपण कोरोनाच्या वर्षी धरून बघितलेत, निकाल वर दिलाच आहे.

वडिलांना सगळ्यात आवडला तो इंग्लंडचा निष्कर्ष. २०१४ मध्ये तिथल्या उच्च शिक्षणाच्या निधी मंडळाने दाखवलं की ए-लेव्हलला सारखेच मार्क असलेल्या मुलांत सरकारी शाळेतून आलेली मुलं पदवीला खाजगी शाळेतल्या मुलांपेक्षा सरस ठरतात. म्हणजे कमी सोयींत ६७ आणणारं मूल आणि सगळ्या सोयींत ६७ आणणारं मूल एकसारखं नसतं. काका म्हणाले, “मंजे सड्यावर जाऊन शिकली त्येचा कायतरी उपेग हाय म्हना.” आहेच की.

आमच्या वर्गात संबंध का दिसत नाही

इथे थोडं सावकाश वाचा, कारण स्टाफरूममधलं निम्मं भांडण या एका गोष्टीमुळे आहे.

आमच्या एफवायच्या वर्गात दहावीचे टक्के आणि सेमचे मार्क समोरासमोर मांडले तर काहीच संबंध दिसत नाही. ८० वाला पुढे, ९२ वाली मागे. यावरून आमचे लोक म्हणतात दहावीला काही अर्थ नाही. पण आमच्या वर्गात येतं कोण ते बघा. दहावीला ९२ आणि बारावी, सीईटी, नीट सगळंच उत्तम गेलेला मुलगा आमच्याकडे येतच नाही, तो मेडिकलला, इंजिनिअरिंगला, मुंबई-पुण्याला गेलेला असतो. दहावीला ५५ वाला आयटीआयला किंवा कामाला. देवगडच्या बागेतली मोठी फळं निवडून वाशीला गेली आणि बारकी कॅनिंगला गेली की मधल्या पेट्या बघून फळाच्या आकाराचा आणि भावाचा संबंध नसतो असं कोणी म्हणालं तर बागायतदार हसेल.

आणि यात अजून एक पेच आहे, तो मला उशिरा लक्षात आला. ९२ वालं मूल आमच्या वर्गात आहे याचाच अर्थ मधल्या दोन वर्षांत त्याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं नसतं तर ते इथे नसतं. उलट दहावीला ७४ आणि तरी बी.एस्सी.ला आलेलं मूल बहुतेक वेळा चढतीला लागलेलं असतं, बारावीला त्याने मुसंडी मारलेली असते. म्हणजे आमच्या वर्गात दहावीचे जास्त मार्क हे घसरणीची खूण होऊन बसतात, सगळ्या जिल्ह्यातली मुलं एकत्र मोजली तर चित्र असं अजिबात दिसणार नाही. एका कॉलेजच्या एका वर्गावरून बोर्डाची परीक्षा निकामी ठरवणारे जे लेख दर जूनमध्ये फिरतात त्यांत हाच घोळ असतो. हिच्याच शाळेतल्या वर्गातला दहावीला ६१ टक्केवाला मुलगा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट लागला हे गावात सगळे सांगतात, बरोबर आहे, पण ६१ वाले बाकीचे काय करतात ते कोणी सांगत नाही.

मग आम्ही काय केलं

फार काही नाही. वडिलांना डी.एल.एड.ला घालायचं होतं, त्यांना म्हटलं एक सेम द्या. तिला म्हटलं नोट्स परत लिहिणं आजपासून बंद. ती घाबरली, कारण तिच्या लेखी अभ्यास म्हणजे तेच. त्याऐवजी रोज एक न केलेलं उदाहरण, मॅथ्स किंवा फिजिक्स, उत्तर आलं नाही तरी चालेल पण पान कोरं ठेवायचं नाही, कुठे अडलं ते शेवटच्या ओळीत मराठीत लिहायचं. ते पान दुसऱ्या दिवशी लायब्ररीत चिपळूणच्या दोघींपैकी एकीने बघायचं, मी नाही. हे मी मुद्दाम केलं, कारण मी बघायला लागले असते तर परत एक सर पहाटे फोन करणारे झाले असते. केटीचे फॉर्म, बॅकलॉगची तारीख वगैरे ऑफिसची कामं मी बघितली.

पहिले काही आठवडे पानांवर शेवटची ओळ एकच, ‘सुरुवात कुठून करायची कळलं नाही.’ मग हळूहळू ‘इथपर्यंत आलं, पुढे चिन्ह चुकतंय’ असं यायला लागलं. एक पान माझ्याकडे अजून आहे, त्यात तिने तीन पद्धतीने एकच लिमिट सोडवायचा प्रयत्न केलाय, तिन्ही फुल्या मारलेल्या, आणि खाली लिहिलंय, ‘दुसरी पद्धत बरोबर होती बहुतेक, घाई केली.’ अक्षर अजिबात सुंदर नाही.

दुसऱ्या सेमला नवीन केटी लागली नाही, काठावर निघाली. फिजिक्सची जुनी केटी पहिल्याच प्रयत्नात सुटली, कॅल्क्युलसला दुसरा प्रयत्न लागला. एस.वाय.ला मॅथ्स सोडलं, आणि माझ्या मते शहाणपणा केला, टी.वाय.ला केमिस्ट्री. २०२५ ला पास झाली तेव्हा शेवटच्या दोन सेमची ग्रेड पॉइंटांची सरासरी, म्हणजे सीजीपीए, दहापैकी आठच्या थोडी वर. यावर घरी पेढे वाटले आणि गावात परत ‘८० टक्के’ असं झालं, ते तसं नसतं. तिच्या बॅचच्या श्रेणीच्या तक्त्यात ६० ते ७० टक्क्यांत असणाऱ्याला ८ मिळायचे, ७० च्या पुढे ९, ८० च्या पुढे १०. म्हणजे दहावीचे ९२ आणि सीजीपीएचे ८ यांची वजाबाकी करून ‘बारा टक्क्यांनी घसरली’ म्हणणारा आणि ‘परत ऐंशीवर आली’ म्हणणारा, दोघंही दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजतायत.

आता ती एम.एस्सी. करतेय. लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये जागा मिळत होती, वडिलांचं म्हणणं तीच घ्यायला हवी होती, अजून घरात त्यावर कुरबूर आहे.

मी जे सांगतेय त्याला एक आक्षेप आमच्या मॅथ्सच्या सरांचा आहे आणि तो खोडता येत नाही. ते म्हणतात, ती सुधारली ती तुमच्या पानांमुळे कशावरून, कॉलेजच्या वातावरणात वर्षभर रुळली म्हणून सुधारली असेल, आणि मॅथ्स सोडल्यावर मार्क वाढणारच. एका मुलीवरून दोन्ही सारखंच सिद्ध होतं. त्यामुळे प्रवेश समितीत मी मागितलं ते तेवढ्यापुरतंच, की फॉर्मवर दहावीच्या टक्क्यांचा एकच रकाना आहे त्याजागी सहाही विषयांचे मार्क लिहून घ्या, गळलेला विषय कुठला ते कळू दे, आणि मॅथ्स-फिजिक्सच्या डिपार्टमेंटने निदान पहिल्या सेमला दर पंधरवड्याला टेस्ट घ्यावी. रकान्याला लगेच मंजुरी मिळाली. टेस्टचं म्हणाल तर पेपर तपासणार कोण यावर गाडी अडलीये, दोन जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला तपासणीचे पैसे द्यायची सोय नाही.